चांगली लुगडी

कळसच्या रंगूबाईच्या नाकावर कायम राग बसलेला असतो, असं अख्खं गाव सांगतं. सांगू दे. गावाला दुसरं काम काय आहे? पण त्या रागाला कारण असतं, आणि ते विचारायला कुणी तिचा उंबरा चढत नाही. पाणी सोडणारा वेळेवर पाणी सोडत नाही. हात केला तरी कंडक्टर येष्टी थांबवत नाही. उसाचा ट्रॅक्टर दारात वाळत घातलेल्या लुगड्यांच्या धडप्यांवर धुरळा उडवत जातो. आणि वर म्हणायचं, बाई तापट. मग काय माणसानं थंडगार बसून राहावं?

गेलं वर्षभर मात्र तिच्या रागाचा रोख एकाच बाईवर होता. ती म्हणजे कऱ्हाटीची भागूबाई, तिच्या धाकट्या भावाची, गेणबाची बायको. आणि नात्याचा गुंता असा, की ह्याच भागूबाईची लेक स्वप्नाली ही रंगूबाईची सून. मांडीवर खेळवलेली भाची आत्याच्या घरी नांदायला आली होती. म्हणजे भावजयही तीच आणि विहीणही तीच. दोन नात्यांचं भांडण एकाच बाईशी करता येत होतं, तेवढीच काय ती सोय.

कारण होतं आईची लुगडी. रंगूबाईची आई ठमाबाई कऱ्हाटीला लेकाकडं वारली. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ह्या घराण्यात एक जुनी रीत आहे. म्हातारं माणूस गेलं की त्याचे कपडे टाकून देत नाहीत. वर्षश्राद्ध झालं की ते धुऊन त्यांची वाकळ, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवायची, आणि घरात पुढचं जे मूल जन्माला येईल त्याला पहिल्यांदा त्या वाकळेत घ्यायचं. ठमाबाईचा बाप मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचा, तेव्हापासूनची ही रीत. तळ हलला की घोड्यावर भांडी, भांड्यांवर वाकळ आणि वाकळेवर पोर. आता मेंढरं गेली, ऊस आला, घरं सिमेंटची झाली, तरी वाकळ शिवतात. ठमाबाईनं ही कला रंगूबाईच्या हातात घातली, आणि कळसमध्ये रंगूबाईच्या हातची वाकळ म्हटलं की अजून नाव निघतं.

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी भागूबाईनं एक गाठोडं रंगूबाईपुढं ठेवलं. अर्धी लुगडी तुमच्याकडं, अर्धी माझ्याकडं, एवढंच बोलली आणि पेटीचं झाकण लावलं. रंगूबाईनं घरी येऊन गाठोडं सोडलं. रुंद काठाचं हिरवं इरकल निघालं, अंजिरी निघालं, लग्नाकार्यात नेसायचं जांभळं निघालं. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. रंगूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. द्यायची म्हणून दिलेली जर असली असतील, तर पेटीत ठेवून घेतलेली कसली असतील? स्वतःकडं वाईट ठेवून दुसऱ्याला चांगलं देणारं माणूस तिनं तरी अजून पाहिलं नव्हतं.

शेजारच्या म्हाळसाला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. भागीनं माझ्या आईची चांगली लुगडी दाबली म्हणाली. म्हाळसाला सांगितलं की गावात दवंडी पिटायची गरज पडत नाही. आठवड्याच्या बाजारापर्यंत कळसमध्ये सगळ्यांना ठाऊक झालं, की कऱ्हाटीच्या भावजयीनं नणंदेला कसं बनवलं. नवरा आबाजी एकदा म्हणाला, की तू पेटी उघडून कुठं पाहिलीस? त्यावर रंगूबाईनं त्याच्या ताटात आमटी अशी वाढली, की त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

अशात स्वप्नालीला दिवस गेले. म्हणजे ठमाबाईची वाकळ आता शिवायलाच हवी होती. पण शिवायची कुणी? लुगडी अर्धी कळसला, अर्धी कऱ्हाटीला, आणि दोघी एकमेकींचं तोंड पाहायला तयार नाहीत.

स्वप्नाली बारामतीला शिवणाच्या क्लासला जायची. तिथं ती तुकडेजोडीचं नवं काम शिकून आली होती. एक दिवस तिनं पिशवीतून काचेसारख्या प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्या काढून सासूपुढं मांडल्या. एक त्रिकोणी, एक पतंगाच्या आकाराची, एक चौकोनी, आणि सगळ्यांवर बारीक रेघा. पट्टी कापडावर ठेवायची, तिच्या कडेनं कापायचं, म्हणजे कितीही तुकडे काढले तरी एकासारखा एक निघतो, असं तिनं समजावलं.

"मी आता ह्या काचंला इचारून कापड कापू व्हय?" रंगूबाई म्हणाली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या. जन्मभर वितीनं मापून आणि डोळ्यानं ताडून वाकळा शिवलेल्या बाईपुढं शाळेतल्या पोराच्या कंपासपेटीतला खेळ आणून ठेवायचा, हे काय वागणं झालं? पण स्वप्नाली चिवट. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. चौकोन दोन तऱ्हेचे. एकात चांदणी, दुसऱ्यात नुसता तिरका चौकोन. एकाआड एक मांडले की सगळ्या शिवणी सरळ असूनही बघणाऱ्याला त्यात गोल रिंगणं दिसतात. चांदणीचे चौकोन आत्यांनी करायचे, तिरके आईनं करायचे, आणि जोडायचे तिनं. दोघींना एका जागी बसवणं आपल्या हातून होणार नाही हे पोरीनं ओळखलं होतं, म्हणून तिनं लुगडी तरी एका जागी आणायचं ठरवलं होतं.

रंगूबाई कबूल झाली, पण सुनेच्या चित्रासाठी नाही. तिच्या मनात वेगळंच होतं. भागूबाईला आता पेटी उघडावीच लागणार होती. ती चांगली लुगडी तुकड्या-तुकड्यानं का होईना उजेडात येणार, आणि आपल्या आईचं लपवून ठेवलेलं सगळं नातवंडाच्या अंगावर पडणार. वर्षभर आपण म्हणत होतो ते खरं होतं, हे चारचौघांना दिसणार. एवढं एक झालं की तिला दुसरं काही नको होतं.

कामाला बसली ती मात्र जीव ओतून. हिरव्या इरकलाच्या चांदण्या, मागं अंजिरी, टोकांना जांभळं. कापताना पट्टी सुनेनं सांगितल्यासारखीच ठेवली, पण कात्री पट्टीच्या कडेनं चालवली नाही. कडेबाहेर बोटभर कापड सोडून चालवली. वाकळेच्या ठिगळाची कड आत दुमडतात, त्याला बोटभर जागा लागते, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. पट्टी करणारा कुठल्या देशातला कोण, त्याला वाकळ काय ठाऊक? त्याची चूक आपण सुधारून घेतोय, ह्या खुशीत ती प्रत्येक तुकडा बोटभर वाढवत गेली आणि पट्टीच्या मापावर आणून दुमडत गेली. सुनेला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. दाखवायचा तर प्रश्नच नव्हता, कारण अर्धी वाकळ कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, हा ठमाबाईनं घालून दिलेला नेम. रंगूबाई दार लोटून शिवायची आणि कुणी आलं की पदराखाली घ्यायची.

सातव्या महिन्यात, रंगूबाईचे तुकडे कापून झाल्यावर, स्वप्नाली पट्ट्या घेऊन बाळंतपणाला माहेरी गेली. चौकोन तयार झाले तसे रंगूबाईनं ते धडप्यात बांधून पोराच्या हाती दिले. पोरगा सुयोग लोणी देवकरला कंपनीत कामाला. सुट्टीच्या दिवशी तो मोटारसायकलवर गाठोडं कऱ्हाटीला पोहोचवून आला.

दोन दिवसांनी स्वप्नालीचा फोन आला. आत्या, चौकोन एकमेकांना बसत नाहीत, तुमचे मोठे झालेत, म्हणाली.

रंगूबाईनं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं असं पाहिलं, की जणू फोनच खोटं बोलला. माझे मोठे झालेले नाहीत, तुझ्या आईचे बारके झालेत, म्हणाली. लुगडी वाचवली असतील तिनं, पातळं कापायला हात कचरला असेल. सून काहीतरी समजावत होती, पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई निघाली. आबाजी म्हणाला, तिथं पोर अवघडलेली आहे, आवाज तेवढा कळसला ठेवून जा. तिनं ते न ऐकल्यासारखं केलं. बारामतीत गाडी बदलली, आणि कऱ्हाटी येईपर्यंत भागूबाईला काय काय सुनवायचं ते सगळं ओळीनं मनात लावून घेतलं.

पडवीत सतरंजीवर चौकोन मांडून ठेवले होते. एक चांदणी, एक तिरका, एक चांदणी, एक तिरका. आणि खरंच बसत नव्हते. रंगूबाईचा प्रत्येक चौकोन शेजारच्यावर चार बोटं चढून बसला होता. रिंगण वगैरे काही दिसत नव्हतं. नुसती खेचाखेची दिसत होती. स्वप्नालीनं बसल्या जागेवरून पट्टी उचलून सासूच्या हातात दिली आणि आतली बारीक रेघ दाखवली. पट्टीची बाहेरची कड ते आतली रेघ, एवढी जागा दुमडीसाठीच धरलेली असते. आत्यांनी त्याच्याही बाहेर बोटभर सोडलं आणि कडेवर दुमडलं. एका तुकड्यात थोडंच वाढलं, पण तुकड्याला तुकडा जोडत गेलं की चौकोन फुगणारच.

रंगूबाईनं रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. चूक तिची होती. ते तिला कळलं आणि कळल्याचा राग आला. आता कुणावर तरी तो काढायला हवा होता. म्हणून तिनं नजर वळवली ती भागूबाईच्या चौकोनांवर, आणि मग चांदण्या, रेघा, पट्ट्या सगळं विसरली.

ते चौकोन फिकट होते. विटलेलं करडं, पुसट गुलाबी, कधीकाळी निळी फुलं असावीत असं काहीतरी. धुऊन धुऊन इतकं विरलेलं, की खालची सतरंजी दिसावी. इरकल नाही, काठ नाही, काही नाही. ह्यातलं एकही लुगडं रंगूबाईनं आईच्या अंगावर कधी पाहिलेलं नव्हतं. वर्षश्राद्धापासूनच्या तिच्या सगळ्या संशयाला त्या एका क्षणात पुरावा मिळाला.

"ही माझ्या आईची न्हाईत," ती म्हणाली. "भागे, तू तुझी जुनी पातळं फाडून घातलीस हिच्यात. आईची चांगली कुठं दडवलीस?"

मग ती थांबली नाही. आमची आई मेली तरी तिच्या नावावर तुझ्या चिंध्या खपवतेस, म्हणाली. जन्माला यायच्या आधी त्या लेकराला फसवलंस. पोटच्या पोरीच्या पोराला फसवताना लाज कशी वाटली नाही? कळसला सगळ्यांना ठाऊक आहे तू काय केलंस ते, असंही म्हणाली. शेजारची एक बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. स्वप्नाली आत्या, आत्या करत होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

भागूबाई चुलीपाशी होती. तिनं हात पुसले, बाहेर आली आणि चौकोनांशेजारी खाली बसली. ह्या बाईचा आवाज नणंदेनं इतक्या वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि आजही तो चढला नाही. तिनं करड्या कापडाच्या एका चौकोनावर तळवा ठेवला.

"अक्का, तुमच्या आईस्नी नऊवारी नेसवता येत नव्हती. कूस बदलायला दोन माणसं लागायची. म्हणून जुनी, मऊ लुगडी मधनं फाडून अर्धी केली हुती मी. दिवसातनं किती बदलायला लागायची, ते मोजलं न्हाई. ही ती हायती."

रंगूबाई म्हणाली, हे खोटं आहे. मी काय आईला भेटायला येत नव्हते? दर खेपेला आई इरकलात बसलेली असायची, तक्क्याला टेकून, कुंकू लावून.

"येष्टीत बसले म्हणून तुमचा फोन यायचा," भागूबाई म्हणाली. "तवर आमी त्यास्नी नेसवायचो. त्यांचीच आन हुती. रंगीनं मला चिंध्यात बघू ने म्हणायच्या."

कोपऱ्यात गेणबा बसला होता. बायकांच्या भांडणात तोंड घालायचं नाही, म्हणून हा माणूस सगळा संसार गप्प बसलेला. तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय अक्का. मी उचलून धरायचो, ही नेसवायची. तू गेलीस की पुन्हा सोडायची."

रंगूबाईला एक एक आठवायला लागलं. आई नेहमी घामाघूम दिसायची, तिला वाटायचं घरात उकडतंय. आई लवकर जा म्हणायची, तिला वाटायचं भागीनं पढवलंय. आणि एकदा निघताना चपला घालत तिनं भागूबाईला काय ऐकवलं होतं, तेही आठवलं. आई तर ठणठणीत आहे, तू उगा तोंड पाडून का बसतेस, असं ती म्हणाली होती. आणि भागूबाई व्हय म्हणाली होती. नुसती व्हय.

म्हणजे चांगली लुगडी आई फक्त रंगूबाई आली की नेसायची. आणि म्हणूनच ती सगळी रंगूबाईच्या गाठोड्यात आली होती.

तिला रडू आलं, आणि रडू आलं ह्याचाही संताप आला. ती भावावर उखडली. तू मुका होतास काय, म्हणाली, वर्षभर मी हिच्या नावानं बोटं मोडतेय आणि तू भिंतीला टेकून ऐकतोयस? मग मेलेल्या आईवर उखडली. पोटच्या पोरीपासून लपवायचं आणि परक्या घरातून आलेलीला दाखवायचं, ही कुठली माया? मी काय धुतली नसती लुगडी? मला हात नव्हते? भागूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रंगूबाईनं तो घेतला, पण तिच्याकडं न बघता घेतला.

माफी मागितली असं मी सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? तिनं मागितली नाही. तिला ते येत नाही.

थोड्या वेळानं स्वप्नालीनं चाचरत विचारलं, आता ह्या चौकोनांचं काय करायचं? मोठ्या चौकोनांच्या कडा छाटल्या तर माप जमेल, पण चांदण्यांची टोकं जातील. नाहीतर आईच्या चौकोनांना भोवतीनं कापडाच्या पट्ट्या लावून ते वाढवायचे. भागूबाई म्हणाली, लावा पट्ट्या, अक्कांचं काम देखणं आहे, ते मोडायला नको.

"ह्या इरलेल्या कापडाला आता कुणी जादा सुई लावायची न्हाई," रंगूबाई म्हणाली. "माझे मी उसवते. ह्याच्या मापाला आणते. दे ती पट्टी."

इतकी देखणी शिवण उसवायची म्हणजे जीवावर येतं. शिवायला लागले नव्हते तेवढे दिवस आता पुन्हा लागणार, आणि पोर तर आज-उद्यावर. पण तिनं चांदण्या गोळा करून धडप्यात बांधल्या, पट्ट्या काखेत मारल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. भागूबाई फाट्यापर्यंत सोबत आली. गाडी आली तेव्हा रंगूबाईनं पायरीवर पाय ठेवून मागं वळून एवढंच विचारलं, की पाठीला जखमा झाल्या होत्या का आईच्या? भागूबाई म्हणाली, एकपण होऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी कळसमध्ये लोकांनी एक नवल पाहिलं. दार लोटून शिवणारी रंगूबाई ओट्यावर, भर रस्त्याच्या तोंडाला बसली होती. मांडीवर उघड्या चांदण्या, हातात ब्लेड, आणि एक एक टाका उसवत होती. अर्धं काम कुणाला न दाखवायचा आईचा नेम तिनं आपल्या हातानं मोडला होता. आबाजी दारात येऊन बघून शहाण्यासारखा आत गेला.

म्हाळसा पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती थबकलीच. घागर ओट्यावर टेकवून तिनं आवाज खाली आणला आणि विचारलं, मग काय, निघाली का पेटीतून चांगली लुगडी?

रंगूबाईच्या हातातलं ब्लेड थांबलं.

"कुणी सांगितलं तुला, चांगली पेटीत हुती म्हणून?"

म्हाळसा गांगरली. तूच की, म्हणाली, वर्षभर सांगतेयस.

"मी सांगितलं अन् तू ऐकलंस? समद्या गावानं ऐकलं? एकीच्या बी मनात आलं न्हाई, ही रंगी तोंडाची फाटकी हाय, जरा इचारावं?" आवाज आता गल्लीच्या टोकापर्यंत चालला होता. समोरच्या दोन दारांत बायका आल्या. रंगूबाईनं त्यांनाही घेतलं त्यात. आमच्या भागीला नावं ठेवताना तुमच्या जिभा झडल्या कशा नाहीत, असं विचारलं.

मग रंगूबाईनं मांडीवरचं हिरवं इरकल दोन्ही हातांनी उचलून गल्लीला दिसेल असं धरलं.

"चांगली माझ्यापाशी हुती. ही बघा. आईच्या अंगाखालची भागीनं ठेवून घेतली, अन् नेसायची मला दिली. जा, सांग सगळ्यास्नी. आधीचं सांगितलंस तेवढ्याच घरात जाऊन सांग."

म्हाळसानं घागर कंबरेवर घेतली आणि निघाली. पहिल्याच दारापाशी ती थांबलेली रंगूबाईला दिसली. मग रंगूबाईनं मान खाली घातली आणि पुढच्या टाक्याखाली ब्लेड घातलं.